माळ उतरवता येते का?

प्रश्न सोलापुरातील एका यंत्रमाग कारखानदाराच्या मुलाने विचारला आहे. त्याची २९ वर्षांची धाकटी बहीण दीड वर्षापासून एका महाराजांच्या साधना मंडळात जाते. तिने शाळेतील नोकरी सोडली, मैत्रिणी सोडल्या आणि गेल्या चार महिन्यांपासून ती मंडळाच्याच निवासात राहते. घरून फोन केला तर तिच्या शेजारी कोणीतरी बसलेले असते. आता वडिलांनी जुळे सोलापुरात तिच्या नावे घेतलेला प्लॉट मंडळाला बक्षीसपत्राने द्यायचा तिचा विचार आहे. वडिलांनी रागाच्या भरात तिची खोली रिकामी करून तिथे टॉवेलच्या गाठी भरल्या आहेत. आईचे म्हणणे वेगळे आहे. तिचे सासरे माळकरी होते, महिना महिना घर सोडून वारीला जात आणि तेव्हा कोणी आरडाओरडा केला नाही. मग या मुलीच्या भक्तीलाच वेड का म्हणायचे? भावाला जाणून घ्यायचे आहे की हे मंडळ कल्ट आहे का, आणि कल्ट व रूढ धर्म यांत नेमका फरक काय.

मी गेली २२ वर्षे सोलापुरात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. अशा गटांतून बाहेर आलेली, अजून आतच असलेली आणि आत-बाहेर करणारी माणसे व त्यांची कुटुंबे या काळात मी बरीच पाहिली आहेत. तुमच्या बहिणीला मी भेटलेले नाही, त्यामुळे त्या मंडळावर मी इथे शिक्का मारणार नाही. शिक्का कशाच्या आधारे मारावा, एवढे मात्र सविस्तर सांगता येईल. सुरुवात तुमच्या आईच्या प्रश्नापासून करते, कारण तो तुमच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे आणि तो सुटला की तुमचा बराचसा सुटतो.

पहिली अडचण शब्दाची आहे. मराठीत 'कल्ट'ला चपखल प्रतिशब्द नाही. आपल्याकडे पंथ आणि संप्रदाय हे दोन्ही शब्द मानाचे आहेत: वारकरी संप्रदाय, दत्त संप्रदाय, नाथ पंथ, महानुभाव पंथ. एकाच घरात सासऱ्यांचा गुरू वेगळा आणि सुनेच्या माहेरचा वेगळा, हे आपल्याला कधी खटकत नाही. युरोपात मात्र अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्यांना काय म्हणायचे हा कित्येक शतके राजकीय प्रश्न होता, आणि माक्स वेबर व अर्न्स्ट ट्रॉल्च या जर्मन अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी चर्च व सेक्ट (फुटून निघालेला गट) अशी जी विभागणी केली ती त्या इतिहासातून आलेली आहे. 'कल्ट' हा शब्द मुळात लॅटिनमधील उपासनावाचक शब्दावरून आला. आज तो एकीकडे शिवीसारखा वापरला जातो आणि दुसरीकडे जुन्या चित्रपटांच्या कौतुकासाठी, त्यामुळे अभ्यासक तो टाळतात आणि 'नवधार्मिक चळवळ' असा शब्द पसंत करतात. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते. नवे असणे हा गुन्हा नाही, हे खरे. पण ज्या घरातली मुलगी आईशी फोनवर बोलताना शेजारच्या बाईकडे पाहून मग उत्तर देते, त्या घराच्या हाती 'नवधार्मिक चळवळ' या शब्दाने काहीच लागत नाही. आपला 'बुवाबाजी' हा शब्दही इथे पुरत नाही, कारण त्यात जाणूनबुजून फसवणारा बुवा गृहीत धरलेला आहे, आणि मी पाहिलेल्या गटांपैकी निदान काहींचे प्रमुख स्वतःच्या सांगण्यावर मनापासून विश्वास ठेवणारे होते. म्हणून मी नाइलाजाने 'कल्ट' हाच शब्द वापरते, आणि तो श्रद्धेला न लावता माणसांना बांधून ठेवण्याच्या पद्धतीला लावते.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण लोक फरक शोधायला जातात तो नेमका श्रद्धेत. आमच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, संमती कट्ट्यावर ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा कुंभारकन्येशी विवाह लागतो, उंच नंदीध्वज मिरवत आणले जातात आणि प्रचंड जनसमुदाय अक्षता टाकतो. ज्याला सोलापूर ठाऊक नाही अशा माणसाला हे सांगून पाहा. दंडाशी लग्न कसे लागते, असे तो विचारील. आपल्याला त्यात विचित्र काही वाटत नाही, कारण आपण लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून ते पाहिलेले असते. तेव्हा 'त्या मंडळात काहीतरीच सांगतात' या तुमच्या वाक्याला मी पुरावा मानत नाही. नवेपणा आणि गुप्तता यांचेही तसेच आहे. महानुभावांच्या पोथ्या कित्येक शतके सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जात, इतिहासाचार्य राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडली तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला आत काय आहे ते कळले, आणि निघाले काय, तर मराठी गद्याचा सर्वांत जुना ठेवा. त्यांची गुप्तता ग्रंथ जपण्यासाठी होती.

सरकारी नोंदणी आणि मोठ्या नावाचा आधार याही कसोट्या फसव्या आहेत. जपानमधील ओम शिनरिक्यो या गटाला १९८९ मध्ये धार्मिक संस्था म्हणून रीतसर मान्यता मिळाली; त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गटाच्या लोकांनी त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाचा, त्याच्या पत्नीचा आणि तान्ह्या मुलाचा खून केला, आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडला. जिम जोन्स यांचे पीपल्स टेंपल हे तर अमेरिकेतील एका प्रस्थापित प्रॉटेस्टंट पंथाशी संलग्न होते. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानामध्ये या गटाच्या सामूहिक आत्महत्या व हत्यांत ९१८ माणसे मेली, त्यांत तीनशेहून अधिक मुले होती, आणि त्या दिवसापर्यंत कागदोपत्री पीपल्स टेंपल ही एका मुख्य प्रवाहातील चर्चची शाखाच होती. उलट टोकाला दिल्लीतील बुराडीचे घर आहे. जुलै २०१८ मध्ये तिथे एकाच कुटुंबातील ११ जण मृत सापडले. ना मठ, ना न्यास, ना बाहेरचा कोणी गुरू, केवळ एका घरातल्या वह्या आणि त्यांत उतरवलेल्या सूचना. तेव्हा तुमचे ते मंडळ नोंदणीकृत आहे, त्यांच्या कार्यक्रमाला मोठी माणसे येतात, यावरून निश्चिंत होऊ नका आणि ते लहान आहे, कोणी ऐकलेले नाही, यावरून घाबरूही नका.

घर सोडणे हे लक्षण तुम्हाला सर्वांत ठळक वाटते, आणि तिथेच आई तुम्हाला अडवते. तिचा मुद्दा बरोबर आहे. जुने धर्म माणसाकडून सर्वस्व मागत आलेले आहेत. सोलापुरात दिगंबर जैन समाज मोठा आहे. मुनिदीक्षा घेणारा माणूस घर, पैसा, वस्त्र, नातीगोती सगळे सोडतो, आणि त्याला कोणी कल्टमध्ये गेला असे म्हणत नाही. परंतु तिथवर पोहोचण्याची वाट पाहा. ब्रह्मचारी, क्षुल्लक, ऐलक अशा पायऱ्यांनी माणूस वर्षानुवर्षे पुढे सरकतो, प्रत्येक पायरीवर काय सोडायचे ते ग्रंथांत लिहिलेले असते, घरच्यांना विचारले जाते, आणि शेवटची दीक्षा भर मंडपात होते. कॅथलिक जोगिणीलाही किमान एक वर्ष नवसाधक म्हणून काढावे लागते आणि त्यानंतर किमान तीन वर्षे तात्पुरत्या व्रतांवर राहावे लागते, तेव्हा आजन्म व्रते मिळतात. मधल्या काळात संस्थाच तिला 'तुझे हे काम नव्हे' असे सांगून परत पाठवू शकते. म्हणजे ज्या परंपरा सर्वाधिक मागतात त्या दारातच सर्वाधिक अडवतात. मी पाहिलेल्या कल्टसदृश गटांत हा क्रम नेमका उलटा होता. दारात अडवणूक शून्य, प्रेमाचा वर्षाव, 'तुम्ही नुसते सात दिवस येऊन बसा, काही द्यायचे नाही'. खऱ्या अटी कळतात त्या सहा-आठ महिन्यांनी, जेव्हा नोकरी सुटलेली असते आणि बाहेरची माणसे तुटलेली असतात. तुमची बहीण पहिल्यांदा गेली तेव्हा तिला कोणी सांगितले होते का की एक दिवस नोकरी सोडावी लागेल, आईशी एकटीने बोलता येणार नाही, प्लॉट द्यावा लागेल? हे तेव्हाच सांगितले असते तर ती गेली असती का? तुमच्या आईसमोर हा प्रश्न ठेवा. माझ्या अनुभवात आयांना तो वडिलांपेक्षा लवकर समजतो.

आता आजोबा. त्यांनी माळ घातली तेव्हा तिची किंमत सगळ्या गावाला पाठ होती: मांस-मद्य वर्ज्य, एकादशी, वारी. पंढरपुराहून परतल्यावर ते पुन्हा मागावर बसले. त्यांच्या पगाराचा हिशेब कोणी विचारला नाही. फडावर भेटलेला माणूस वयाने लहान असो वा मोठा, दोघेही एकमेकांच्या पाया पडत, एकतर्फी कोणी पडत नसे. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कीर्तनकाराला प्रमाण द्यावे लागते. तो काहीही सांगो, त्याच्या पाठीशी संतांच्या अभंगाचा आधार हवा, आणि ते अभंग समोर बसलेल्या म्हाताऱ्यांना त्याच्याइतकेच, क्वचित त्याच्याहून अधिक, पाठ असतात. चरण चुकला की टाळकऱ्यांतून कोणीतरी दुरुस्त करतो. उद्या कीर्तनकार बदलतो, परवा आणखी वेगळा येतो, आणि घरी जाताना लोक तुलना करत जातात. म्हणजे बोलणाऱ्याचा अधिकार त्याच्या बाहेर, सगळ्यांच्या हाताला लागेल अशा जागी ठेवलेला आहे. कल्टमध्ये गुरू स्वतःच प्रमाण असतो. काल त्याने एक सांगितले आणि आज उलटे, तर कालचे तुम्हाला कळले नव्हते, असा त्याचा अर्थ होतो.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. माळ घातलेल्या माणसाने ती उतरवली तर गावात बोलले जाते. माझ्याच एका काकांनी ती उतरवली होती. मटण सुटत नाही, हे त्यांनी दोन वर्षांत मान्य केले. चार-सहा महिने पारावर त्यांची थट्टा झाली, आजी काही दिवस त्यांच्याशी तुटक वागली, पण एकादशीला त्यांच्या ताटात साबुदाण्याची खिचडी आली, शेतीत वाटा राहिला आणि पुढच्या आषाढीला तेच दिंडीसोबत पाण्याचा टँकर घेऊन गेले. कोजागरीला सोलापूरहून हजारो माणसे रात्रभर चालत तुळजापूरला जातात. एखाद्या वर्षी तुम्ही गेला नाहीत तर हजेरी घ्यायला कोणी येत नाही. बाहेर पडण्याची किंमत थट्टा असेल तर तो समाज आहे. ती किंमत घर, मुले, उपजीविका आणि 'आता तुझ्यावर संकट कोसळणार' ही भीती एवढी असेल, तर त्या गटाचे नाव कितीही पवित्र असो, मला काळजी वाटते.

काळजी कशाची, हे दाखवायला एक वही पुरेशी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आली. एका गटातून बाहेर पडून तिला पाच आठवडे झाले होते. समोर पाण्याचा पेला ठेवला तर ती तो उचलण्याआधी माझ्याकडे पाही, मी मान हलवली की मग पिई. तिसऱ्या भेटीत तिने पिशवीतून एक दोनशेपानी वही काढली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते: वेळ, विचार, कोणाविषयी. रोज रात्री मनात आलेल्या शंका लिहून ती वही गटातील मोठ्या ताईंकडे द्यायची आणि सकाळी लाल शाईचे शेरे घेऊन परत घ्यायची. सुरुवातीच्या पानांवर शेरे मायेचे होते, 'लिहिलेस, बरे केलेस, मन हलके होईल'. तीन महिन्यांनंतरच्या एका पानावर '२:४०, आईची आठवण, आई' एवढीच नोंद होती आणि शेजारी लाल शाईत 'पुन्हा?' एवढाच शेरा. त्या आठवड्यात ते पान सामूहिक बैठकीत वाचून दाखवले गेले. त्यानंतरच्या पानांवर आई कुठेच नाही. मी विचारले, आठवण यायची थांबली का? ती म्हणाली, "थांबली नव्हती, पण ती यायला लागली की मी मोजायला सुरुवात करायची, एक ते शंभर, म्हणजे लिहावे लागू नये."

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी कम्युनिस्ट चीनमधील सक्तीच्या 'विचारसुधारणे'तून बाहेर पडलेल्या माणसांच्या मुलाखती हाँगकाँगमध्ये घेतल्या आणि १९६१ मध्ये अशा नियंत्रणाची आठ लक्षणे मांडली. त्यांतले एक लक्षण कबुलीजबाबाचे होते, आणि त्या संशोधनात धर्माचा नव्हे तर एका राजकीय सत्तेचा अभ्यास होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पापाची कबुली कॅथलिक धर्मातही आहे. पण तिथे ऐकणारा पाद्री गुप्ततेने बांधलेला असतो. कबुली फोडली तर त्यालाच धर्मबहिष्कृत केले जाते. बांधलेला कोण, बोलणारा की ऐकणारा, एवढे पाहिले तरी बरेच कळते. शंकेचेही तसेच आहे. ज्ञानेश्वरीवरील प्रवचनात शंका हा प्रश्न असतो आणि तिला उत्तर दिले जाते; त्या वहीत शंका हा रोग होता आणि तो कोणाकडून लागला ते तिसऱ्या रकान्यात लिहायचे होते.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतही दीर्घकाळच्या दबावाने ओळख विस्कटण्याचा उल्लेख आहे आणि त्यात अशा गटांचे नाव आहे. परंतु त्यावरून तुमची बहीण मनोरुग्ण आहे असा अर्थ काढू नका. त्या शिक्षिकेला आजार नव्हता. तिला सवयी लावल्या गेल्या होत्या आणि त्या सुटायला सुमारे दीड वर्ष लागले.

मुख्य प्रवाहातील धर्मांना मी इथे निर्दोषत्वाचा दाखला देत आहे, असे कोणी समजू नये. ज्या पंढरपूरच्या लोकशाहीचे मी वर कौतुक केले, तिथल्या विठ्ठल मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. जातपंचायतींनी वाळीत टाकलेली कुटुंबे कोणत्याही कल्टमध्ये नव्हती. ती आपापल्या रूढ धर्मातच होती, आणि त्यांच्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्यांच्या सत्संगाला घरोघरचे लोक जात आणि ज्यांच्या अनुयायांना कोणी कल्टवाले म्हणत नव्हते, त्या आसाराम यांना एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप सुनावली. तेव्हा जुन्या, प्रतिष्ठित परंपरेतही एखादा मठ, एखादी शाखा, एखादे घर कल्टसारखे चालू शकते. फरक एवढाच की जुन्या परंपरेत सहसा त्या शाखेच्या बाहेर, त्याच श्रद्धेची पण त्या प्रमुखाला न मानणारी माणसे असतात, आणि तक्रार घेऊन त्यांच्याकडे जाता येते. जुन्या देवस्थानांच्या मानापानावरून होणारी भांडणे आपल्याला कंटाळवाणी वाटतात. मला मात्र ती बरी वाटतात, कारण भांडणारे दोघे असले म्हणजे सत्ता एकाकडे नाही. शिवाय हे सगळे धर्मापुरते नाही. पैसे दुप्पट करून देणाऱ्या साखळी विक्रीच्या सभांत मी हेच पाहिले आहे: तीच टाळ्यांची लय, घरच्या 'नकारात्मक' माणसांपासून दूर राहण्याचा तोच सल्ला आणि नुकसान झाले तर तुमचीच निष्ठा कमी पडली हेच उत्तर.

भारतीय कायद्यात कल्ट अशी काही वर्गवारी नाही, आणि ती नाही हे मला योग्य वाटते. राज्यघटनेचे २५वे आणि २६वे कलम लहान-मोठ्या सर्व श्रद्धांना सारखेच संरक्षण देते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर जो जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आला, तोही गटाकडे न पाहता कृत्याकडे पाहतो. हरिकीर्तन, प्रवचन, भजन, प्रदक्षिणा, यात्रा यांना तो लागू नाही, असे त्यातच लिहिले आहे. उलट साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात नेऊ न देणे, हा मात्र गुन्हा आहे, मग ते करणारा कितीही जुन्या गादीवर बसलेला असो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत मारहाण, कोंडून ठेवणे, औषध बंद करायला लावणे असे काही घडल्याचे कळले तर त्या कृत्याची तक्रार करा. 'हे मंडळ कल्ट आहे' अशी तक्रार पोलीस घेणार नाहीत. ती सज्ञान आहे. हरवल्याची तक्रार दिलीत तर पोलीस तिचा जबाब घेतील, ती स्वखुशीने राहते असे सांगेल, आणि तो जबाब पुढे तुमच्याचविरुद्ध वापरला जाईल.

तुम्ही प्रश्नात 'ब्रेनवॉश' हा शब्द तीनदा वापरला आहे. तो घरात वापरणे बंद करा. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी युनिफिकेशन चर्च या नव्या पंथाच्या शिबिरांचा अभ्यास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा असे दिसले की शिबिराला आलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के माणसे त्या पंथात गेलीच नाहीत. मन धुऊन टाकणारे यंत्र कोणाकडेच नाही. जे राहतात त्यांना तिथे काहीतरी खरे मिळालेले असते. तुमच्या बहिणीला काय मिळाले, हे तुम्ही लिहिलेले नाही. तिचे लग्न ठरून मोडले होते, एवढे एक वाक्य मात्र तुमच्या प्रश्नात ओझरते आले आहे आणि त्यानंतर तुम्ही लगेच प्लॉटकडे वळला आहात. मी तुमच्या जागी असते तर त्या वाक्यापाशी थांबले असते.

पुरावे देऊन वाद घालण्याचाही उपयोग होत नाही. शिकागोजवळच्या एका गटाने २१ डिसेंबर १९५४ रोजी महापूर येऊन जग बुडणार असे जाहीर केले होते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांचे सहकारी अभ्यासासाठी त्या गटात जाऊन बसले होते. पूर आला नाही, आणि एकत्र वाट पाहत बसलेल्या अनुयायांपैकी बऱ्याच जणांनी श्रद्धा सोडण्याऐवजी दुप्पट जोमाने प्रचार सुरू केला. महाराजांच्या विरोधात तुम्ही जमवलेल्या चित्रफितींचे तिच्यावर काय परिणाम होतील, हे यावरून समजून घ्या. बळाने आणणे तर त्याहून वाईट. १९७०च्या दशकात अमेरिकेत पालकांनी मुलांना पळवून, खोलीत कोंडून 'उतरवण्याचे' प्रकार केले आणि त्यांतून मुख्यतः खटले उभे राहिले. मी स्वतःही सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाला मुलाचा मोबाइल काढून घेण्याचा आणि काही दिवस त्याच्यावर लक्ष ठेवण्याचा सल्ला दिला होता. तो तिसऱ्या रात्री मागच्या दाराने गेला आणि चार वर्षे घरी आला नाही, कारण घरचे लोक तुला कोंडतील हे त्याला गटात आधीच सांगून ठेवलेले होते आणि माझ्या सल्ल्याने ते खरे ठरले.

प्लॉटचे सांगते. तो तिच्या नावे आहे आणि ती सज्ञान आहे, त्यामुळे दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले बक्षीसपत्र सकृद्दर्शनी वैध ठरेल. मात्र करार कायद्याच्या १६व्या कलमातील अनुचित प्रभावाचा मुद्दा अशा व्यवहारांना लागू होऊ शकतो; परलोकी कल्याण व्हावे म्हणून एका वृद्धाने आपली सगळी मिळकत गुरूला दिली होती, ते दानपत्र अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८९० मध्ये याच तत्त्वावर रद्द ठरवले होते. तरीही कोर्टात वर्षे जातात आणि तेवढा काळ बहीण विरुद्ध पक्षात बसलेली असते. त्याऐवजी तिला एवढेच विचारा, की सही करण्याआधी तू मंडळाशी आणि आपल्या घराशीही संबंध नसलेल्या एखाद्या वकिलाचा सल्ला एकटीने घेशील का. स्वतंत्र सल्ला घेतला होता का, हे न्यायालयही पाहते. खरी धर्मसंस्था या मागणीला हरकत घेणार नाही. मंडळाने घेतली, तर तुमचा मूळ प्रश्न बराचसा सुटला, आणि मुख्य म्हणजे ते उत्तर तुमच्याऐवजी तिला स्वतःला मिळालेले असेल.

फोन आईनेच करावा, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, पाच-सात मिनिटे. शेजारी कोणी बसलेले आहे हे गृहीत धरून बोलावे. महाराज, प्लॉट, नोकरी हे विषय काढू नयेत. शेंगा चटणीसाठी दाणे भाजले, समोरच्यांच्या नातीचे बारसे झाले, नळाला चौथ्या दिवशी पाणी आले, असेच बोलावे. त्या शिक्षिकेची मावशी तिला तीन वर्षे असेच फोन करत होती. गटात तिची निंदा करायला कोणाला काही सापडले नाही, आणि ज्या पहाटे शिक्षिका बाहेर पडली तेव्हा तिला एकच क्रमांक पाठ होता.

आणि त्या टॉवेलच्या गाठी या आठवड्यात कारखान्यात हलवा. खाट जिथे होती तिथेच ठेवा, कपाटाची किल्ली कपाटालाच असू द्या. गाठी हलवून खोली पुन्हा तिच्यासाठी मोकळी केली असे तिला मुद्दाम कळवू नका. आईने एखाद्या फोनमध्ये बोलता बोलता सांगावे, की आज तुझ्या खोलीची खिडकी उघडली तर कबुतराने घरटे केलेले दिसले.